‘टेबल रहने दो’ : एका सर्जनच्या मानेची हकिगत

मान दुखणं हा आजार आहे, असं मी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मानलं नव्हतं. मी पोटाचा सर्जन. उज्जैनमध्ये फ्रीगंजला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. माझ्याकडे लोक आतडं फुटून येतात, पित्ताशयात खडे घेऊन येतात, काही जण तर असे येतात की बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोकडे बघायची माझी हिंमत होत नाही. अशा लोकांसमोर दिवसभर उभं राहून ‘माझी मान दुखते’ बोलायचं म्हणजे मस्करीच. म्हणून नाही बोललो. आता या लिहिण्याला कुणी रडगाणं म्हटलं तरी हरकत नाही. आमच्या कामातली पोरं-पोरी तिशीतच कमरेला पट्टा लावून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभी राहतात आणि वरून गाऊन घालतात, म्हणजे कुणाला दिसत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

डॉक्टरी माहिती मुद्दाम टाळली आहे. ती हवी असेल तर पुस्तकं भरपूर आहेत आणि मी पण ती वाचली होती. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सरांचं टेबल

मी सहा फूट आहे. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर पाच फूट दोन इंच. सरकारी कॉलेज सुटल्यावर याच हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर बारा वर्षं उभा राहिलो. ते टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. ऑपरेशनचं टेबल खालीवर करता येतं. तेव्हा पायाने दाबायचा पंप असायचा, आता बटण आलंय. केस सुरू होण्याआधी अटेंडंट पंपाजवळ उभा राहून विचारायचा, ‘‘साहब, टेबल?’’ सर हातमोजे घालता घालता बोलायचे, ‘‘रहने दो.’’

रोज हेच. ‘‘रहने दो.’’ मी समजलो की सरांना हीच उंची लागते. मला ती खाली पडायची. मान वाकवून, पाठीची कमान करून मी बारा वर्षं त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. सरांसमोर ‘जरा वर घ्या’ बोलणं माझ्या डोक्यात पण आलं नाही. आपल्या मराठी घरांमध्ये मोठ्यांच्या ताटातला घास आणि सीनियरचं टेबल, दोन्हीला हात लावत नाहीत.

मग सर रिटायर झाले आणि ती जागा माझी झाली. माझं टेबल, माझी केस, कुणाची परवानगी नको. अटेंडंटने विचारलं, ‘‘साहब, टेबल?’’ मी हातमोजे घालत होतो. बोललो, ‘‘रहने दो.’’

मूर्खपणा आहे, पण तेव्हा तो मूर्खपणा वाटला नाही. हात त्याच उंचीवर शिकलेला. दुसऱ्या उंचीवर टाका वाकडा पडेल असं वाटायचं. वर दुर्बिणीची ऑपरेशनं आली. त्यात डोळे पोटाकडे नाही, स्क्रीनकडे ठेवायचे असतात. स्क्रीन समोर पाहिजे. आमच्याकडे तो डाव्या कोपऱ्यात होता, कारण प्लग तिथे होता. म्हणजे हात समोर आणि मान डावीकडे, दिवसाला चार-चार केस. एक्स्टेन्शन बोर्ड आणायचं दरवर्षी ठरायचं.

धागा खराब आहे

आधी नुसतं दुखायचं. उजवा खांदा, मग दंडाच्या बाहेरून खाली. मी स्वतःला गोळ्या लिहून दिल्या. पेशंटने असं केलं तर मी त्याचा उद्धार करतो. निदान पण स्वतःच केलं, खांदा आखडलाय म्हणून. मग एके दिवशी दाढी करताना अंगठ्याला ब्रश लागला आणि तो ब्रश कुणी दुसऱ्याच्या अंगठ्याला लावल्यासारखं वाटलं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं पहिलं बोट, दोन्हीला मुंग्या. या दोन बोटांवरच माझं पोट चालतं. मी नळाखाली हात धरला, गरम-थंड कळत होतं, म्हणून सोडून दिलं.

चार महिने हे लपवलं. लपवणं कठीण नव्हतं. सर्जनला कुणी ‘तुमचा हात दाखवा’ असं बोलत नाही.

एकदा रक्तवाहिनी बांधत होतो. गाठ मारली, बोटाने सरकवली, घट्ट झाली असं वाटलं. नव्हती झाली. धागा सुटला, रक्त उसळलं. समोर माझी असिस्टंट डॉक्टर रश्मी उभी होती. शाजापूरची मुलगी, चार वर्षं माझ्याकडे आहे, हात चपळ आणि तोंड बंद. तिने क्लॅम्पचा चिमटा लावला, दुसरी गाठ मारली. पेशंटला काही झालं नाही. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

मी बोललो, ‘‘ये धागा खराब आ रहा है आजकल.’’

मंजू सिस्टर आमच्या ओटीच्या इनचार्ज. त्यांनी ट्रेवरून मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘सर, धागा वही है जो कल था.’’

केस संपल्यावर त्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी आल्या. सिस्टर कधी तिथे येत नाहीत. ‘‘सर, एक बात बोलूं? सुई की गिनती मैं करती हूं. किसके हाथ से कितनी बार गिरी, वो भी मुझे पता रहता है. इस हफ्ते आपके हाथ से सात बार गिरी. रश्मी मॅडम के हाथ से एक बार भी नहीं.’’

मला राग आला. खरं सांगतो, पहिला विचार ‘हिची बदली करता येईल का’ असा आला. आमचंच हॉस्पिटल, बदली कुठे करणार? मी बोललो, ‘‘ध्यान रखूंगा.’’ त्या बोलल्या, ‘‘ध्यान की बात नहीं है, सर,’’ आणि निघून गेल्या.

हेल्मेट

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्या केसेस पुढे ढकलल्या, पण डॉक्टरकडे गेलो नाही. कुठे गेलो ते सांगायला लाज वाटते, पण या हकिगतीतला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच आहे.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला माझा खांदा तेवढा माहीत होता. ती दोन महिन्यांपासून मागे लागली होती, ‘‘अवि, एकदा पहलवानाकडे जाऊन ये. तुझ्या बाबांचा खांदा त्याच्या वडिलांनीच बसवला होता. किती परेशान होते ते, एका झटक्यात काम झालं.’’ देवास गेटच्या मागच्या गल्लीत एक पहलवान हाडं बसवतो. त्याच्याकडून सुजलेला हात घेऊन आलेले पेशंट मी कित्येक वेळा झापले आहेत. ‘‘अस्पताल दिखता नहीं क्या तुमको?’’ हे माझं ठरलेलं वाक्य.

रविवारी दुपारी मी स्कूटरने तिकडे गेलो आणि हेल्मेट न काढता आत शिरलो. आत सरसोंच्या तेलाचा वास, एक लाकडी बाकडं, भिंतीवर हनुमान. पहलवान माझ्याच वयाचा. त्याने मला वर-खाली बघितलं आणि शांतपणे बोलला, ‘‘हेल्मेट उतार दो, डॉक्टर साहब. मेरी भाभी की पित्त की थैली आपने ही निकाली थी.’’

हेल्मेट काढलं. त्याने खांदा फिरवून बघितला. कोपर बघितलं. मग स्वतःची दोन बोटं पुढे केली आणि मला उजव्या हाताने दाबायला सांगितली, मग डाव्या हाताने. परत उजव्याने. मग माझी मान हळूच उजवीकडे कलती करून वर बघायला लावलं, आणि खांद्यापासून अंगठ्यापर्यंत एक सणक गेली. मी ओरडलो नाही, पण बाकडं पकडलं.

‘‘कंधा ठीक है आपका,’’ तो बोलला. ‘‘बोल कंधा रहा है, बीमारी गर्दन की है. पकड़ भी कम हो गई है. ये नस का मामला है साहब, मैं हाथ नहीं लगाऊंगा. किसी अच्छे डॉक्टर को दिखाओ.’’

कॉलेजमध्ये मी हीच तपासणी शिकलो होतो, अगदी याच क्रमाने. परीक्षेत तीच आली होती आणि मला चांगले मार्क मिळाले होते. ती स्वतःवर करून बघायचं मला सुचलं नाही, आणि त्याने मात्र दहा मिनिटांत केली. मी थँक्यू बोलून हेल्मेट घातलं. तेव्हापासून मी कुणाला पहलवानावरून झापत नाही.

शर्टाचं वरचं बटण

एमआरआय मशीनच्या आत ठकठक आवाज येत असतो आणि हलायचं नसतं. तिथे पडल्या पडल्या मी पहिल्यांदा विचार केला की ऑपरेशन करता आलं नाही तर मी कोण? दुसरं काही मला येत नाही. क्रिकेट बघतो, पेपर वाचतो, पोहे बरे करतो.

रेडिओलॉजिस्ट जुना मित्र. एरवी तो रिपोर्ट वाचता वाचता चार जोक मारतो. त्या दिवशी त्याने खुर्ची ओढून दिली, तेव्हाच समजलो. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकली होती आणि उजव्या हाताची नस तिच्याखाली दबली होती. त्याने पेन्सिलने दाखवलं. मला दाखवायची गरज नव्हती, तरी त्याने दाखवलं आणि मी पण बघितलं. ‘‘कब से है?’’ त्याने विचारलं. मी बोललो, ‘‘चार महीने.’’ तो स्वतः उठून चहा आणायला गेला.

घरी बायकोला सांगितलं. मेधा शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, ती घाबरेल. ती आधी एमआरआयची फिल्म बघत बसली, मग बोलली, ‘‘म्हणून वरचं बटण.’’

दोन महिन्यांपासून माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं असायचं. ते मला बोटांनी लावताच येत नव्हतं. तिला वाटायचं, या वयात हीरोगिरी सुचलीय. त्यावरून ती आणि आई मिळून हसायच्या पण. आता ती हसली नाही.

‘‘अजून कुणाला माहीत आहे?’’

मी सांगितलं. मंजू सिस्टर, बहुतेक रश्मी, आणि देवास गेटचा पहलवान.

‘‘म्हणजे अर्ध्या उज्जैनला माहीत आहे. मला नाही.’’ ती फिल्म पाकिटात घालून उठली. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिचं बरोबर होतं. रोज माझ्या ताटात लिंबू पिळून देणाऱ्या बाईला माझी बोटं काम करत नाहीत हे कळू नये म्हणून मी चार महिने किती मेहनत घेतली होती. चमचा डाव्या हाताने धरायला लागलो होतो आणि विचारलं की बोलायचो, ‘दिमाग के लिए अच्छा होता है’. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी तिने माझ्या शर्टाचं बटण लावलं आणि बोलली, ‘‘इंदौरची अपॉइंटमेंट मी घेतलीय. शनिवारी. तुम्ही काही बोलायचं नाही, मी बोलणार.’’

इंदौरचे न्यूरोसर्जन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मेधाने वहीत प्रश्न लिहून आणले होते आणि एकेक करून विचारले. ते बोलले, ऑपरेशन लागेल, हाताची ताकद कमी होत चालली आहे, थांबू नका. दुखणं जाईल. ताकद पण यायला पाहिजे. शेवटचा प्रश्न बोटांच्या सुन्नपणाचा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मेधाकडे नाही.

‘‘वो मैं नहीं बोल सकता, सर. आप देर से आए हैं.’’

हे वाक्य मी पण लोकांना बोलत आलोय. ते ऐकायला कसं लागतं हे माहीत नव्हतं. मला राग कुणाचा करावा ते समजेना.

उलट्या बाजूने

इंदौरच्या हॉस्पिटलात गेल्यावर मनगटावर नावाची पट्टी बांधली. मी ‘डॉक्टर’ लिहायला लावणार होतो, पण पट्टी बांधणाऱ्या बाईने आधीच नाव आणि वय लिहून टाकलं होतं. गाऊनच्या नाड्या मागे असतात. हजारो पेशंट या गाऊनमध्ये बघितले, पण नाड्या स्वतःला बांधता येत नाहीत हे मला पहिल्यांदा कळलं. वॉर्डातल्या आयाने बांधून दिल्या आणि वर बोलली, ‘‘शरमाओ मत बाबूजी, सबके पीछे ही होती है.’’

संमतीचा कागद आला. मी तो आजवर पेशंटच्या पुढे धरून ‘यहां साइन कर दीजिए’ बोलत आलो होतो, बोट ठेवून. त्या दिवशी तो पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचला. आवाज जाऊ शकतो. गिळायला त्रास होऊ शकतो. हातपाय लुळे पडू शकतात. बोटांचा स्पर्श परत येईलच असं नाही. ज्युनियर डॉक्टर पाय बदलत उभा होता, त्याला पुढच्या खाटेवर जायचं असणार. मी दोन वेळा वाचला. सही उजव्या हाताने केली, ती माझ्या सहीसारखी आली नाही.

मला भीती वाटत होती. लुळं पडायची नाही, ती भीती इतकी मोठी होती की खरीच वाटत नव्हती. मला भीती होती ती दोन बोटांच्या टोकांची. सगळं नीट होईल, लोक ‘वाचलात’ बोलतील, आणि ती टोकं तशीच राहतील, ही.

सलाईनची सुई लावायला एक केरळची सिस्टर आली. दोन्ही हात तिने उलटे-पालटे करून बघितले. उजव्या हाताच्या शिरा सरळ होत्या, डाव्या वाकड्या. तिने डावा घेतला. दोनदा टोचावं लागलं. मी बोललो, ‘‘राइट में लगा दीजिए, आसान रहेगा.’’ ती बोलली, ‘‘आप ऑपरेट करते हैं ना. वो हाथ छोड़ देते हैं.’’ तिला कुणी सांगितलं माहीत नाही. मला रडू आलं. खाटेजवळ मेधा बसली होती, तिने खिडकीबाहेर बघितलं आणि मला वेळ दिला.

ऑपरेशन गळ्याच्या पुढून करतात. जाग आल्यावर हाताची सणक नव्हती. इतके महिने रेडिओसारखी चालू असलेली गोष्ट बंद. आवाज मात्र बसला होता, गिळताना काटे लागायचे. सकाळी सहाला बीपी, सातला चहा, नऊला राउंड, राउंडमध्ये सहा जण येणार आणि ‘कैसे हैं’ विचारून उत्तराआधी पुढे जाणार. मी पण तसाच जातो. तिथे पडून मी ठरवलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं. घरी परत आल्यावर ते पाळतोय, पण रोज नाही जमत.

सर आले

सहा आठवडे गळ्यात पट्टा. आई रोज मऊ भात करायची आणि पहलवानाचं श्रेय स्वतःकडे घ्यायची. मी बाल्कनीत बसून मेधाने दिलेला घरचा अभ्यास करायचो. डोळे मिटून वाटीतले राजमे, चणे, तांदूळ वेगळे करायचे. राजमे-चणे जमायला लागले. तांदूळ अंगठ्याला कळायचा, पहिल्या बोटाला नाही.

एका दुपारी सर आले. एकटे, नानाखेड्याहून ऑटो करून, वय ऐंशीच्या पुढे. मी उठायला लागलो तर हाताने बसवलं. हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा, पूर्वीपासून. टोपी काढताना ते मान खाली आणतात आणि मग टोपी काढतात. आम्ही पोरं म्हणायचो, सरांची स्टाईल आहे.

‘‘कसं काय झालं रे हे?’’ त्यांनी विचारलं.

पट्टा असल्यामुळे म्हणा, किंवा इतके दिवस तोंड बंद ठेवून कंटाळलो होतो म्हणून, मी बोलून टाकलं. ‘‘सर, टेबलामुळे. तुमच्या उंचीच्या टेबलावर वाकून वाकून.’’

सर माझ्याकडे बघत राहिले. ‘‘माझ्या उंचीच्या?’’

‘‘तुम्ही रोज बोलायचे ना. रहने दो.’’

‘‘अरे, ते टेबल मला उंच पडायचं.’’ सरांचा आवाज चढला. ‘‘तू एवढा ताडमाड. मला वाटायचं, पोरगं वाकून वाकून मरेल. अटेंडंट खाली घ्यायचं विचारायचा. मी बोलायचो, रहने दो. बारा वर्षं खांदे उचलून ऑपरेशनं केली मी. हे बघ.’’ त्यांनी दोन्ही हात उचलून दाखवले. कानापर्यंत पण नाही पोचले. ‘‘केस विंचरायला हिला बोलवावं लागतं.’’

आत आईच्या मिक्सरचा आवाज येत होता.

‘‘तू मला कधी बोलला नाहीस,’’ सर बोलले.

‘‘तुम्ही पण विचारलं नाही, सर.’’

‘‘मी कशाला विचारू? मी सीनियर होतो.’’ मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, तेही मान खाली करून. मला हसू आलं नाही. ते टेबल त्यांच्यापण मापाचं नव्हतं आणि माझ्यापण नाही. दोघांनी एकमेकांवर उपकार करून दोन शरीरं खराब केली होती, आणि मी ती उंची पुढे रश्मीच्या माथी मारली होती. ती पाच फूट एक इंच आहे. चार वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नाही. का नाही केली, हे मला आता कुणी समजवायला नको होतं.

जाताना सर बोलले, ‘‘त्या पोरीला विचार बरं का. फोनवर नको. समोर.’’

विचारलं

विचारलं. रश्मी आधी ‘ठीक है सर’ बोलली. मी बोललो, ठीक है चालणार नाही, कुठे दुखतं ते सांग. तिने मंजू सिस्टरकडे बघितलं. मग उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलली, ‘‘दो साल से.’’

ओटीत आता काय काय बदललं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या कामाला यावं म्हणून. लोखंडी पाटाच्या दोन पायऱ्या करून घेतल्या, जो बुटका तो त्यावर उभा राहतो, टेबल उंच माणसाच्या कोपराला येतं. स्क्रीन समोर आला, एक्स्टेन्शन बोर्ड एका दुपारी आला. लांब केसमध्ये मंजू सिस्टर दर चाळीस मिनिटांनी ‘गर्दन’ असा एकच शब्द बोलतात आणि आम्ही सगळे हात पोटावर धरून मान सरळ करतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना कसंतरी झालं. आता भूल देणारे डॉक्टर पण करतात. आणि टेबलाचं कुणी विचारलं तर उत्तर सेंटिमीटरमध्ये द्यायचं, दुसरं काही चालत नाही.

पहिली केस

पट्टा निघाला, आवाज आला, पकड जवळपास पूर्वीसारखी झाली. अंगठा परत आला. पहिल्या बोटाचं टोक नाही आलं. दाबलं तर कळतं, हलकं लागलेलं नाही कळत. इंदौरच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभर थांबून बघा, पण त्यांच्या तोंडावरून मी समजलो.

परत आल्यावर पहिली मोठी केस आली ती टावर चौकात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची. मोठ्या आतड्यात गाठ. ते माझ्याकडेच आले होते, आमच्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान, वर्षानुवर्षांची ओळख. मी त्यांना सांगितलं. आधीच सांगायचं ठरवलं होतं आणि तरी दोनदा पाणी प्यालो.

‘‘मेरी इस उंगली को पूरा पता नहीं चलता. ऑपरेशन डॉक्टर रश्मी करेंगी. मैं सामने खड़ा रहूंगा.’’

त्यांनी माझं बोट हातात घेऊन बघितलं, जसं ते घड्याळ बघतात. ‘‘मैं भी स्क्रू देखकर नहीं पकड़ता, साहब. छूकर पकड़ता हूं.’’ मग बोट सोडून दिलं. ‘‘घर में पूछकर बताता हूं.’’

ते गेले आणि मला वाटलं, आता हे इंदौरला जाणार. मी असतो तर गेलो असतो. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आले. मुलीने रश्मीला अर्धा तास प्रश्न विचारले, माझ्याकडे एकदाच वळली, ‘‘आप पूरे टाइम रहेंगे?’’ मी हो बोललो.

त्या दिवशी मी असिस्टंटच्या जागेवर उभा राहिलो. सर रिटायर झाल्यापासून त्या बाजूला उभा राहिलो नव्हतो. रश्मीने गाठ काढली, वेळ लागला, पण स्वच्छ काढली. मग आतड्याची दोन टोकं जोडायची. जोडण्याआधी त्या टोकापर्यंत रक्त पोचतंय की नाही हे बघावं लागतं. आतड्याच्या कडेच्या चरबीत बोटाचं टोक ठेवायचं, बारीक धडधड लागते. लागली तर जोडायचं. नाही लागली तर अजून कापायचं. चुकलं तर पाचव्या दिवशी टाके सुटतात आणि माणूस जाऊ शकतो. इतकी वर्षं ही धडधड मी बघायचो आणि ‘है’ बोलायचो, मग पुढचं काम सुरू व्हायचं.

सवयीने माझाच हात पुढे गेला. कुणी अडवलं नाही. रश्मी थांबली, मंजू सिस्टर सुईला धागा लावून थांबल्या. मी बोट ठेवलं. काही लागलं नाही. थोडं वर सरकवलं. काही नाही. आतडं गुलाबी दिसत होतं, पण दिसण्यावर मी कधी विश्वास ठेवला नव्हता. रक्त पोचत नव्हतं की माझं बोट पोचत नव्हतं, हे मला सांगता येत नव्हतं. आणि ‘है’ बोलायला एक सेकंद लागला असता. सगळे त्याचीच वाट बघत होते.

‘‘मुझे नहीं लग रही,’’ मी बोललो. ‘‘पता नहीं चल रहा. तू देख.’’

रश्मीने माझ्या बोटाच्या शेजारी तिचं बोट ठेवलं. डोळे मिटले.

‘‘है, सर,’’ ती बोलली. ‘‘अच्छी चल रही है.’’

मी हात काढून घेतला आणि तिला जागा करून दिली.